बर्फाचा अंदाज : पाचपैकी तीन म्हणजे पास नव्हे!

मेसच्या फळ्यावर 'आज पनीर' असं लिहिलेलं दिसलं म्हणून आपण लगेच ताट घेऊन धावत नाही. रांग कुठवर आहे, रश्श्यात तुकडे किती, दुसऱ्या वाढीला मिळतं की नाही, याची चौकशी आधी होते. मित्रहो, आल्प्समधल्या स्कीइंगच्या गावात 'उद्या २० सेंटिमीटर बर्फ' अशी बातमी आली की हेच करायचं असतं. कुठे, कधी आणि कसला, हे विचारल्याशिवाय त्या २० ला काही अर्थ नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सेमिस्टरपुरता मी झुरिकला होतो. तिथून लांडक्वार्टला गाडी बदलली की साधारण अडीच तासांत दावोस येतं. हो, तेच ते, दर जानेवारीत सामंजस्य करारांच्या बातम्यांमध्ये झळकणारं! लॅबमधली मंडळी शनिवार-रविवारी स्की घेऊन तिकडे पळायची, त्यांच्यामागे मीही. स्कीइंग मला बेताचंच जमलं, पण शुक्रवारी संध्याकाळी अंदाजावर जी चर्चा रंगायची ती मनापासून आवडली. कारण तिच्यात सगळं आपलंच थर्मो आणि फ्लुइड्स होतं.

प्रश्न पहिला : किती उंचीवर?

दावोस गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटरवर आहे. डोंगर चढणाऱ्या रेल्वेचं वरचं स्टेशन, वाइसफ्लूयोख, सुमारे २,६६० मीटरवर. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे गावात ४ अंश असेल तर वर साधारण उणे ३. एकाच ढगातून गावात पाऊस आणि वर बर्फ!

म्हणून अंदाजात दोन उंची बघायच्या. एक, जिथे तापमान शून्य आहे ती. दुसरी, बर्फ जिथवर बर्फ म्हणूनच उतरेल ती. ही दुसरी पहिलीपेक्षा दोन-तीनशे मीटर खाली असते, कारण कण वितळायला वेळ लागतो. शिवाय वितळताना तो आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषतो (लेटेंट हीट, आठवा!) आणि हवा थंड होते. अरुंद दरीत जोराचा वर्षाव चालू असेल तर बर्फ आणखी खाली उतरतो.

प्रश्न दुसरा : मिलिमीटर की सेंटिमीटर?

हवामानाचं मॉडेल पाणी मोजतं, स्कीवाला बर्फ. ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. पण थंडी कडक आणि वारा शांत असेल तर बर्फ पिंजलेल्या कापसासारखा पडतो आणि तेवढ्याच पाण्याचा दीडपट थर होतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर ओला, जड बर्फ पडतो आणि थर निम्म्यावर येतो. शिवाय बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. काल एकूण १२० सेंटिमीटर होता आणि रात्री ३० पडला, तर सकाळी १५० भरत नाही. यात कोणी फसवत नसतं.

प्रश्न तिसरा : वारा कुठून?

महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे वाईला रिमझिम, हे आपल्याला माहीत आहे. आल्प्समध्ये हाच खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. वायव्येकडून ओली हवा आली की उत्तर उतारावर बर्फ साचतो. दक्षिणेकडून आली की इटलीच्या बाजूला बर्फ पडतो आणि उत्तरेकडच्या दऱ्यांत 'फोन' नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो. तो एका दिवसात बर्फाची रया घालवतो.

प्रश्न चौथा : किती दिवस आधीचा?

मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून पन्नासेक वेळा चालवतात. सगळी उत्तरं जवळजवळ आली तर भरवसा ठेवायचा, पांगली तर थांबायचं. दोन-तीन दिवसांचा अंदाज बहुधा कामाचा असतो. दहा दिवसांनंतरचा सेंटिमीटरचा आकडा बघून हॉटेल बुक करू नये.

आणि आता तो 'तीन'

हे सगळं जमलं तरी एक कागद वाचायचा राहतोच : हिमस्खलनाचं पत्रक. दावोसमध्येच स्वित्झर्लंडची हिम व हिमस्खलन संशोधन संस्था आहे. वाइसफ्लूयोखजवळच्या तिच्या मैदानात १९३६ पासून बर्फ मोजला जातोय. हिवाळ्यात संस्थेचं पत्रक संध्याकाळी ५ वाजता येतं आणि सकाळी ८ ला सुधारून पुन्हा येतं. त्यात धोक्याच्या १ ते ५ पायऱ्या असतात. १९९३ पासून युरोपभर हीच मोजपट्टी आहे.

आता आपला इंजिनिअरिंगचा मेंदू काय म्हणतो? पाचपैकी तीन, म्हणजे ६० टक्के, म्हणजे मध्यम, म्हणजे चालतंय की! इथेच घात होतो. पायरीगणिक धोका सारखा वाढत नाही, झपाट्याने वाढतो. तिसरी पायरी हिवाळ्याच्या सुमारे ३० टक्के दिवसांत असते, पण हिमस्खलनातले साधारण निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात. ४ ला लोक घाबरून घरी बसतात. ३ ला मात्र ताजा बर्फ असतो, ऊन पडलेलं असतं आणि आकडा 'मधला' दिसतो.

एका शनिवारी असंच झालं. रात्री २५ सेंटिमीटर पडलेला, आकाश निळंशार. दोघांना आखलेली वाट सोडून बाजूच्या कोऱ्या उतारावर जायचं होतं. लॅबमधल्या एका स्थानिक मुलाने पत्रक उघडलं आणि शांतपणे 'नाही' म्हणाला. रात्रभर वारा होता. वाऱ्याने उडालेला बर्फ कड्याच्या आडोशाला साचतो. मैदानात २५ सेंटिमीटर मोजला तरी तिथे मीटरभर असू शकतो. खाली जुना कमकुवत थर, वर ही घट्ट लादी आणि उतार ३० अंशांहून तीव्र असेल, तर एका माणसाच्या वजनानेही सगळी लादी सुटते. गाडला गेलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर काढला तर आशा चांगली असते, पुढे ती झरझर कमी होते. आम्ही दिवसभर आखलेल्या वाटेवरच राहिलो. तिथे धोका वाढला की प्रशासन वाट बंद करतं. बाहेरच्या उतारावर आपले आपण.

आपल्यातले बरेच जण पुढे एमएसला म्युनिक, झुरिक, ग्रेनोबलला जाल. कोणीतरी बर्फात ओढून नेईलच, आणि जरूर जा! फक्त जाताना क्रम लक्षात ठेवा : आधी पत्रक, मग उंची, मग वारा आणि सगळ्यात शेवटी सेंटिमीटर. पत्रकात ३ दिसला तर आखलेल्या वाटेवर मजेत घसरा. पासिंगचा हिशेब सबमिशनपुरता ठेवा.