चौदावा निसान की रविवार?

ख्रिस्ती धर्माचा उगम यहुदी धर्मात आहे हे आज कोणी नाकारत नाही, पण हे दोन धर्म नेमके केव्हा वेगळे झाले याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. येशू गालील प्रांतातला यहुदी होता, त्याचे पहिले अनुयायी यरुशलेमच्या मंदिरात प्रार्थनेला जात, आणि येशू हाच इस्राएलला वचन दिलेला मशीहा, म्हणजे देवाने अभिषेक केलेला तारणारा, असे मानणारा यहुदी समाजातलाच एक पंथ एवढीच त्यांची ओळख होती. फाटाफुटीचे कारण म्हणून कोणी यहुदी नसलेल्यांमध्ये प्रचार करणारा प्रेषित पौल याच्याकडे बोट दाखवतात, कोणी इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने केलेल्या मंदिराच्या विध्वंसाकडे. या दोन्हींचे महत्त्व मोठे असले तरी सामान्य श्रद्धावंत परस्परांपासून किती दूर गेले, हे त्यांवरून कळत नाही. ते पाहायचे तर पंचांगाकडे, त्यातही एका सणाच्या तिथीकडे वळावे लागते.

तो सण म्हणजे वल्हांडण. मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी लोक तो वसंत ऋतूत, निसान महिन्यात पाळतात. यहुदी महिने चांद्र असल्यामुळे ऋतूंशी मेळ राखण्यासाठी आपल्याकडील अधिक मासाप्रमाणे मधूनमधून एक जादा महिना धरावा लागतो. मंदिर उभे होते तोवर चौदाव्या निसानला दुपारनंतर तेथे कोकरे कापली जात आणि पौर्णिमेच्या त्या रात्री बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर त्यांचे भोजन होई. येशूला क्रुसावर खिळले ते याच सणाच्या दिवसांत. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार त्याचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन होते, तर योहानाच्या मते कोकरे कापण्याच्या दिवशीच त्याचा मृत्यू झाला. तपशिलातील ही तफावत पुढे वादाचे मूळ ठरली; मात्र पहिल्या पिढीला येशूच्या मृत्यूचे स्मरण करण्यासाठी निराळ्या सणाची गरज भासली असेल असे दिसत नाही, कारण सण होताच, त्याला नवा अर्थ मिळाला होता.

अंतर पडण्यास सुरुवात झाली ती यहुदी नसलेले लोक मोठ्या संख्येने या पंथात आल्यावर. त्यांनी सुंता करून मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र पाळावे का, या प्रश्नावर इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये विचारविनिमय होऊन तसे बंधन त्यांच्यावर घालू नये असे ठरले. तरीही सिरियातील अंत्युखियात त्यांच्या पंगतीला बसण्यावरून पौल आणि येशूचा शिष्य पेत्र यांच्यात उघड खटका उडाला. पुढे इ.स. १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखालील यहुद्यांचे रोमविरुद्धचे बंड मोडून हेड्रियन बादशहाने यहुद्यांना यरुशलेममध्ये येण्यास बंदी केली. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतो की, तोपर्यंत त्या शहराचे सर्व बिशप सुंता झालेले, म्हणजे यहुदी वंशाचे होते आणि त्यानंतरचा पहिला बिशप परजातीय होता.

तिथीचा वाद पेटला तो दुसऱ्या शतकात. आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील ख्रिस्ती मंडळ्या चौदाव्या निसानलाच, मग वार कोणताही असो, आपला वल्हांडण पाळत आणि ही रीत प्रेषित योहानापासून चालत आल्याचे सांगत. रोममध्ये मात्र पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारचा आग्रह होता. इ.स. १५५ च्या सुमारास स्मर्नाचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला, तेव्हा तेथील बिशप अनिसेतस आणि तो परस्परांचे मन वळवू शकले नाहीत, तरीही दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि ते सलोख्याने निरोप घेऊन वेगळे झाले. हा समजूतदारपणा टिकला नाही. सुमारे ३५ वर्षांनंतर रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा लियोंचा बिशप आयरेनिअस याला पॉलिकार्पचे उदाहरण देऊन त्याची कानउघाडणी करावी लागली.

यहुद्यांच्या तिथीला धरून राहणारे हे लोक यहुद्यांविषयी अधिक आपुलकी बाळगून असतील असा तर्क सहज मनात येतो, पण तो टिकत नाही. सार्दिसचा बिशप मेलितो हा चौदाव्या निसानचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि त्याचे वल्हांडणावरील प्रवचन विसाव्या शतकात जुन्या हस्तलिखितांतून पुन्हा उजेडात आले. मिसरमधील कोकरू हे येशूचे पूर्वचिन्ह होते, असे त्यात तो मोठ्या वक्तृत्वाने मांडतो आणि त्याच ओघात इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो. एकाच रात्री, एकाच ग्रंथातील एकाच कथेचे वाचन करणाऱ्या दोन समाजांना त्या कथेचा खरा वारस कोण हे ठरवणे भाग पडत होते, आणि भांडणाची धार या जवळिकीतूनच आली असावी. वारशावरचा हा हक्क सोडून देण्याचा मार्गही सुचवला गेला होता: त्याच शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने यहुदी धर्मग्रंथ पूर्णपणे वगळावेत असा आग्रह धरला, तेव्हा रोमच्या मंडळीने त्याच्याशी संबंध तोडले आणि ते ग्रंथ जुना करार म्हणून आपल्याकडेच ठेवले.

इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहाने बोलावलेल्या नायसियाच्या परिषदेत सर्व मंडळ्यांनी हा ख्रिस्ती वल्हांडण, म्हणजेच ईस्टर, एकाच रविवारी पाळावा असे ठरले. रविवार ठरवायचा तोही वसंतातील पौर्णिमेवरूनच, म्हणजे आकाशातील पौर्णिमा तीच राहिली. मात्र तिथी ठरवण्यासाठी यहुदी शेजाऱ्यांच्या गणनेवर विसंबण्याची गरज उरू नये हा या निर्णयाचा रोख होता, आणि यहुद्यांच्या प्रथेमागे जाणे अशोभनीय आहे असे बादशहाने आपल्या पत्रात स्पष्टच लिहिले. राजसत्तेचा पाठिंबा मिळाल्यामुळे आतापर्यंतच्या बिशपांच्या मतभेदाला आज्ञाभंगाचे स्वरूप आले.

तरीही लोक ऐकत नव्हते, याचा उत्तम पुरावा विरोधकांच्याच लेखनात सापडतो. इ.स. ३८६-८७ मध्ये, म्हणजे नायसियानंतर साठ वर्षांनी, अंत्युखियात जॉन क्रिसोस्तोम या धर्मगुरूने जी आठ प्रवचने दिली, त्यांतून कळते की तेथील ख्रिस्ती लोक शरद ऋतूतील यहुदी सणांची शिंगे ऐकायला सभास्थानात जात, त्यांच्याबरोबर उपवास करत, आणि सभास्थानात घेतलेली शपथ अधिक धाक बाळगण्याजोगी मानत. तिसरे प्रवचन तर यहुद्यांच्या तिथीनुसार वल्हांडणाचा उपवास धरणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठीच आहे. त्याच शतकातील लावदिकियाच्या धर्मसभेलाही शनिवारी काम बंद ठेवण्यास आणि यहुद्यांकडून बेखमीर भाकर स्वीकारण्यास मनाई करावी लागली; जे कोणी करतच नाही त्याला सहसा मनाई होत नाही.

क्रिसोस्तोमचा खरा रोख आपल्याच मंडळीतील लोकांवर होता, पण त्यांना परावृत्त करण्यासाठी त्याने यहुद्यांविषयी जी विखारी भाषा वापरली ती त्या शहरापुरती राहिली नाही. प्रवचनांच्या नकला होत गेल्या आणि क्रिसोस्तोमच्या नावाभोवती संतत्वाचे वलय आले. शेजारच्या सभास्थानात आवडीने जाणारे अंत्युखियाचे श्रोते मात्र पुढच्या वाचकांच्या नजरेसमोर नव्हते, त्यामुळे घरातल्या माणसांना धाकात ठेवण्यासाठी उच्चारलेले शब्द मध्ययुगीन युरोपात शेजाऱ्यांविरुद्धचा पुरावा म्हणून वाचले गेले.