फिंगर जॉइंटची लाकडी पेटी: एक नको, दहा बनवा



सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहिलाय? 10 रंगांचे 120 गोल पत्ते आणि सोबत रंगवलेली लाकडी पेटी. ती पेटी कुणी टाकून देत नाही. मसाले, दागिने, सुकामेवा विकणाऱ्यांनाही गिफ्टसाठी अशीच पेटी हवी असते. सापगाव-शहापूरकडे छोटं वर्कशॉप टाकायचा विचार असेल, तर हा माल नक्की करून बघा.

कोपरा का टिकतो?

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. हाच फिंगर जॉइंट! लाकडाचं कापलेलं टोक फेव्हिकॉल शोषून घेतं, म्हणून नुसतं टोक चिकटवलं तर पकड कमी. बोटांच्या बाजू मात्र घट्ट धरतात. शिवाय कोपरा दिसायला देखणा, त्यामुळे गिऱ्हाईक भाव देतं.

माप आणि जिग

फळी 9 मिमी जाड, राउटरचं बिट 6 मिमी, पेटीची उंची 66 मिमी. म्हणजे 11 समान भाग: एका फळीला 6 बोटं, शेजारच्या फळीला 5. जिगवर 6 मिमीची खुंटी लावा. खुंटी आणि बिटमध्ये अंतरही 6 मिमीच. कापलेली खाच खुंटीवर बसवायची, पुढची कापायची. मागे टाकाऊ पट्टी धरा, नाहीतर लाकडाचे टवके उडतात.

आधी टाकाऊ तुकड्यांवर ट्रायल घ्या. जॉइंट घट्ट झाला तर खुंटी किंचित बिटकडे सरकवा, सैल झाला तर लांब. हाताने दाबून बसला पाहिजे, हातोडी लागता कामा नये. तळाला प्लाय खाचेत सैल ठेवा. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, तेव्हा थोडी जागा हवीच. गॉगल आणि मास्क विसरू नका.

आता खरा हिशेब

उदाहरण घेऊ. एका पेटीला लाकूड, प्लाय, पॉलिश मिळून 100 रुपये, वीज-झीज 20. तुमच्या तासाची मजुरी 120 धरा. एकच पेटी बनवली, दीड तास गेला: मजुरी 180, खर्च 300. जिग एकदाच सेट करून 10 पेट्या 6 तासांत काढल्या: एका पेटीची मजुरी 72, खर्च 192.

विक्री 300 ला. थेट विकली तर सुटी पेटी शून्य देते, बॅचमधली 108. दुकानदाराने 30 टक्के ठेवले, तर हातात 210 येतात. बॅचमध्ये 18 उरतात, सुट्या पेटीत 90 चा तोटा! स्वतःची मजुरी धरली नाही तर हा तोटा दिसतच नाही.

म्हणून दुकानात माल ठेवायच्या आधी भाव पुन्हा काढा. लाकूड बिलासकट घ्या. सुतारकाम स्वतःच्या हाताने करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी सीएससी केंद्रात करा. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुतारकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे.

या आठवड्याचं काम: 2 कोपरे कापा, घड्याळ लावा, मिनिटं वहीत लिहा. भाव त्या वहीतूनच निघणार!