निळ्या टेबलाची गोष्ट

आमच्या जळगावच्या घरात आजोबांच्या वेळचे एक सागवानी टेबल आहे. पाय कातीव, खणांना पितळी कड्या, आणि वर मात्र चकचकीत निळा सनमायका! गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचे ठरले, तेव्हा मी जाहीर करून टाकले की या खेपेस ती निळी कातडी सोलून काढायची आणि आतले सागवान मोकळे करायचे. आई काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला ते पसंत नाही, एवढे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

मिस्त्री आला तो राजस्थानचा. टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सर, मायका निकल जायेगा." मी मराठीचा मास्तर. हिंदीत मायका म्हणजे माहेर, हे ऐकताच मनात आले आणि मी उगाच हसलो. खरे पाहता यातला 'मायका' म्हणजे अभ्रक. पण गंमत अशी की, या तावात अभ्रकाचा कणही नसतो! १९१२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतले डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर हे विजेच्या यंत्रांसाठी अभ्रकाऐवजी वापरता येईल असे काही शोधत होते. 'अभ्रकाऐवजी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच 'फॉर्मायका' हे नाव पडले. पुढे आपल्याकडे 'सनमायका' हे एका मालाचे नाव साऱ्या जातीला चिकटले, जसे वनस्पती तुपाला 'डालडा'.

मुळात हा कागदच. जाड तपकिरी कागदाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवायचे, वर रंगाचा किंवा नक्षीचा कागद मेलॅमाइनच्या राळेत भिजवून ठेवायचा आणि सारे प्रचंड दाबाखाली तापवायचे. थर एकजीव होऊन एखाद्या मिलिमीटर जाडीचा टणक ताव तयार होतो. फिनॉलची राळ काळपट, त्यामुळे सुरुवातीचे ताव गडद रंगाचेच असत. १९३० नंतरच्या दशकात मेलॅमाइन आले आणि मग कुठे पिवळा, गुलाबी, आकाशी हे रंग खुलले. सनमायकाच्या कडेला ती तपकिरी रेघ दिसते ना, ती त्या आतल्या कागदाची.

या रंगांना प्रतिष्ठाही मिळून गेली आहे. १९८१ साली इटलीत मिलान येथे एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या 'मेम्फिस' मंडळींनी प्रदर्शन भरवले, त्यात उपाहारगृहांच्या टेबलांवर शोभणारे भडक ताव त्यांनी दिवाणखान्याच्या कपाटांवर चढवले. जाणकार चिडले. आज तेच कपाट संग्रहालयात उभे आहे! आमच्या जळगावला मात्र रंगांची भीड कधीच नव्हती. प्लास्टिकच्या रंगीबेरंगी चटया विणणाऱ्या गावाला तपकिरी रंगाचे कौतुक कोण सांगणार?

धुळ्याला देवपुरात माझी धाकटी बहीण राहते. तिने मागल्या वर्षी स्वयंपाकघर नवे केले. कपाटांची दारे डाळिंबी आणि ओटा पांढराशुभ्र. (दुकानातल्या पुस्तकात या रंगांना नुसते आकडे असतात. अबोली, मोरपिशी, विटकरी अशी नावे असणाऱ्या भाषेत हे दारिद्र्य कशाला?) डाळिंबी दारे अजून नवी दिसतात, पांढऱ्या ओट्यावर पहिल्याच महिन्यात हळदीचा डाग पडला तो पडलाच. शेवभाजीच्या घरात पांढरा ओटा हा अविचारच होता. दुसरी चूक कुलरशेजारच्या कपाटाची. खानदेशातला वैशाख लाकूड सुकवतो आणि कुलर त्याच लाकडाला ओल पाजतो. आतली फळी फुगते आणि कडा उकलू लागतात. शिवाय सुताराने पैसे वाचवायला फळीच्या एकाच अंगाला सनमायका लावला होता. तसे केले की फळी धनुष्यासारखी वाकते. मागल्या अंगाला स्वस्तातला का होईना, पण ताव हवाच. नवे फर्निचर करणाऱ्यांनी रंगाच्या आधी मिस्त्रीला हे विचारावे.

तर आमचे टेबल. मिस्त्रीने पटाशी काढली, कोपऱ्यावर गरम इस्त्री धरली आणि विचारले, खाली काय आहे? मला कुठे ठाऊक! तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"खाली जळलेलं आहे," ती म्हणाली.

१९८६ साली तिच्या हातून पेटता स्टोव्ह त्या टेबलावर उलटला होता. हातभर काळा डाग पडला. आजोबा रागावले नाहीत. टेबलावर एक चादर अंथरून तिथेच लिहीत बसू लागले, आणि ती चादर आईला रागावण्यापेक्षा जड गेली. त्या भाऊबिजेला धुळ्याहून मामा आले. ओवाळणीचे पैसे घेऊन ती एकटी बाजारात गेली आणि हा निळा ताव पसंत करून आली.

"निळाच का?" मी विचारले.

"घरात सगळंच तपकिरी होतं. मला विचारून आणलेलं काहीच नव्हतं."

आजोबांनी चादर घडी करून तिच्या हाती दिली आणि मरेपर्यंत त्या निळ्यावर हिशेब लिहिले.

मी काय बोलणार? मिस्त्री इस्त्री हातात धरून माझ्याकडे पाहत होता. त्याला म्हटले, उकललेला कोपरा तेवढा चिकटवून दे. त्याने आतली धूळ झटकली, फेव्हिकॉल भरला, कड कानशीने घासली आणि रात्रभर वजन ठेवायला सांगितले. आईने आतून पाटा आणवला, खाली जुने लुगडे घातले आणि तो कोपऱ्यावर नीट बसला आहे की नाही हे हाताने चाचपून पाहिले.