घरातील ध्वनिमुद्रण : साधने आणि साधना

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून व्याख्यान ऐकणे हा आपल्या नागरी जीवनाचा एक संस्कार झाला आहे. परंतु सभा उठली की शब्द हवेत विरतात. पुढे ते छापले जातात, तरी वक्त्याचा स्वर, त्याचे थांबणे, त्याचे हसणे छापता येत नाही. ते जतन करण्याचे साधन आज आपल्या घरात आले आहे. पॉडकास्ट हे नाव २००४ साली पुढे आले. बोलणे मुद्रित करून आंतरजालावर ठेवावे आणि श्रोत्याने ते आपल्या सवडीने ऐकावे, इतकाच त्याचा अर्थ.

देवनारला आमच्या शेजारी एक आजी राहत. खाडीकाठचे जुने दिवस त्यांनी पाहिलेले. त्यांच्या आठवणी आम्ही दोन तास मुद्रित केल्या. माइक चांगला होता. पण तो ठेवला टेबलाच्या मध्यभागी, डोक्यावर पंखा चालू, आणि खिडकी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या बाजूला सताड उघडी. घरी येऊन ऐकतो तो ट्रक आणि पंखा स्पष्ट, आजी मात्र विहिरीतून बोलल्यासारख्या! पुन्हा जाऊ म्हणता म्हणता पावसाळा गेला, आणि आजीही गेल्या. पुढे जे सांगतो ते त्या चुकीने आम्हांस शिकवले.

माणसाचा कान मनाच्या साहाय्याने ऐकतो. समोरच्याकडे लक्ष लागले की पंखा ऐकू येईनासा होतो. यंत्रापाशी हा विवेक नाही. ते सारेच सारख्या निष्ठेने टिपते. म्हणून पहिले काम खोलीचे. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. गाद्या, गोधड्या, कपड्यांचे कपाट तो शोषून घेतात. तेव्हा दिवाणखान्यापेक्षा निजण्याची खोली बरी. खिडक्या लावाव्या, पंखा बंद करावा, आणि उकाडा असह्य होण्यापूर्वी दहा-दहा मिनिटांनी विश्रांती घ्यावी.

दुसरे काम अंतराचे. माइक तोंडापासून वीतभरच असावा आणि किंचित बाजूला असावा. नाहीतर 'प', 'फ', 'भ' उच्चारताना श्वासाचा धक्का त्यावर आदळतो. अंतर दुप्पट झाले की थेट आवाजाची तीव्रता चौथाई होते, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. डायनॅमिक जातीचा माइक दूरचे कमी टिपतो, म्हणून गजबजलेल्या वस्तीत तो उपयोगी. यूएसबीचा माइक थेट संगणकास जोडता येतो. तेवढेही नसेल तर मोबाइलला लहानसा कॉलर माइक लावून भागते. फोन तेवढा फ्लाइट मोडवर ठेवावा.

तिसरे काम पातळीचे. पडद्यावरील पट्टी मोठ्यात मोठ्या बोलण्यालाही उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहावी. शून्याला भिडलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज धड शिवता येत नाही. आधी अर्धा मिनिट बोलून ते हेडफोनने ऐकावे. आम्ही ऐकले असते तर पंखा तिथेच सापडला असता.

सॉफ्टवेअरसाठी खर्च करण्याचे कारण नाही. २००० सालापासून उपलब्ध असलेले ऑडॅसिटी विनामूल्य आहे. त्यात आपला माइक निवडावा, सेकंदास ४८,००० नमुने आणि २४ बिट ही मापे ठेवावी. एका माइकचे तासाभराचे मूळ मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट भरते. प्रसारणासाठी केलेली ६४ किलोबिटची एमपीथ्री प्रत २९ मेगाबाइटच्या आसपास. मूळ प्रत दोन ठिकाणी जपावी. आरंभी खोलीची शांतता काही सेकंद मुद्रित केली तर तिच्या आधारे पंख्यासारखी संथ घरघर कमी करता येते. ट्रकचा भोंगा मात्र निघत नाही, आणि उपाय अति झाला तर आवाज पत्र्यासारखा वाजू लागतो.

पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी ज्या ध्वनिफितीवर उतरल्या, त्यांतील बायांचे गळे आजही ऐकू येतात. आपल्या घरातही असे गळे आहेत. त्यांची संमती घ्यावी, खिडकी लावावी, माइक जवळ घ्यावा. बाकीचे यंत्र करील. उशीर मात्र आपण करू नये.