रात्री बारानंतर उघडणारं नाट्यगृह

दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा २०२५ च्या सप्टेंबरात लागला, तेव्हा आम्ही चौघंही बघायला गेलो होतो. मी, बायको, तिसरीतली लेक आणि आई. मध्यंतरात बायकोनं आईला विचारलं, "कसा वाटतोय?" आई म्हणाली, "बरो आसा. पण रातभर जागल्याशिवाय दशावतार कसलो?"

आई बेळगावात चाळीस वर्षं राहते. आमच्याशी ती बेळगावी मराठी बोलते, भाजीवाल्याशी कामापुरतं कन्नड. मालवणी तिच्या तोंडून फक्त झोपेत, नाहीतर भावाचा फोन आला की बाहेर पडायची. भाऊ गेला, मामी मुलाकडे मुंबईला गेली, वेंगुर्ल्याजवळच्या वाडीतल्या घराला कुलूप लागलं. त्यानंतर आई माहेरी गेलीच नाही. बावीस वर्षं झाली. "कोणाकडे जायचं?" या प्रश्नाला आमच्याकडेही उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी इंजिनिअरच्या सवयीनं लॅपटॉप उघडला. दशावतार कुठे, कधी, किती वाजता, तिकीट किती. काही म्हणजे काही नीट हाती लागेना. सापडलं ते पिंगुळी. कुडाळला लागूनच असलेलं गाव. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि बाहुल्यांची कला, आणि एक संग्रहालय. म्हटलं, चला, सुरुवात इथून करू.

बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली करत सावंतवाडी साधारण शंभर किलोमीटर. पुढे कुडाळ वीसेक. शनिवारी सकाळी निघालो आणि दुपारी पिंगुळीत पोचलो. फोनबिन काही केला नव्हता. संग्रहालय आहे म्हणजे खिडकी असेल, तिकीट असेल, शोच्या वेळा लिहिलेल्या असतील, असं मी गृहीत धरलं होतं.

'ठाकर आदिवासी कला आंगण' हे परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात उभं केलेलं संग्रहालय आहे. जागा होती गुरांच्या गोठ्याची. तो साफ करून त्यांनी त्यात घराण्यात जपलेल्या बाहुल्या आणि चित्रं मांडली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आपण वस्तू बघतो, त्या ज्यांनी वापरल्या ती माणसं कधीच गेलेली असतात. इथे वस्तू वापरणारं घर शेजारीच आहे, अंगणात कपडे वाळत असतात.

चित्रकथी म्हणजे काय, हे मी लेकीला माझ्या भाषेत सांगितलं: हाताने रंगवलेलं पीपीटी. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रं, एकामागे एक. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. कथा सांगणारा वीणा घेऊन बसतो, जोडीला हुडूक आणि टाळ. एक चित्र उभं धरायचं, त्यावरची कथा गायची, मग पुढचं. गंमत म्हणजे दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे कागदाची मजबुतीही वाढते आणि उलटलं की पुढचा प्रसंग तयार. आमच्या ऑफिसात स्लाइडवरचा मजकूर जशाच्या तसा वाचून दाखवणारे लोक आहेत. इथे चित्रावर एक अक्षर नसतं, सगळं सांगणाऱ्याच्या डोक्यात.

ही चित्रं 'पैठण शैली' म्हणूनही ओळखली जातात, कारण त्यांतली बरीच पैठणकडे मिळाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रं आहेत. पण तिथे ती काचेमागे गप्प असतात. पिंगुळीत दोरीच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या सपाट बाहुल्याही. चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवायच्या, म्हणजे आपण बघतो ती सावली. सावंतवाडी संस्थानानं या कलाकारांना आश्रय दिला आणि कोणत्या घरानं कोणत्या देवळात खेळ करायचा हेही ठरवून दिलेलं होतं. म्हणजे ही कला मुळात देवळाची. तिला स्वतःची इमारत कधी नव्हतीच.

संग्रहालय पाहिलं, पण पूर्ण खेळ काही पाहता आला नाही. चूक अर्थातच आमची. खेळाला गाणारा लागतो, वाजवणारे लागतात, आणि ते आपापल्या कामांवर गेलेले असतात. चार माणसं न सांगता गाडीतून उतरली म्हणून सगळ्यांनी काम टाकून यायचं का? तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करा, आणि जमल्यास दहा-पंधरा जण मिळून जा. मंडळाच्या सहली आपण रिसॉर्टला नेतो, त्यापेक्षा हे बरं. लेकीच्या हाती तेवढ्यात एका बाहुलीच्या दोऱ्या दिल्या गेल्या. तिनं एक हात वर करायला गेली तर बाहुलीचा पाय वर झाला. पाच मिनिटांत सगळा गुंता. तो सोडवायला मात्र दहा सेकंदं लागली, अर्थात तिला नव्हे.

निघताना एक चित्र विकत घेतलं. मोबाइलवर फोटो काढून परत फिरणारे बरेच असतात, मीही तसाच आहे. पण अशा ठिकाणी तिकिटाच्या पैशांवर घर चालत नाही हे बघितल्यावर कळतं. शहरात हॉटेलात एका जेवणाला आपण जे मोजतो, तेवढं इथे चित्राला मोजताना घासाघीस करू नये, एवढं माझं मत.

परतीच्या वाटेवर सावंतवाडीचा राजवाडा. इथे गंजिफा बनवतात, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. ही कला जवळपास संपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन पुन्हा उभी केली. लेकीनं पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह ओळखले, नरसिंहही. वामनापाशी अडली. आईनं पुढचे भराभर सांगितले आणि मग एकदम म्हणाली, "आमच्या सातेरीची जत्रा मार्गशीर्षात."

तिला तिथी पाठ होती. बावीस वर्षं.

पुढची अडचण वेगळीच. जत्रा तिथीवर, आणि आमच्या कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर तिथी भरायची सोय नाही. आईनं आठवून आठवून वाडीतल्या एका चुलतभावाचा नंबर मिळवला. तारीख कळली: मंगळवार. मी बुधवारची रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक कार्य' लिहिलं. खोटं नव्हतं.

कोकणातल्या कितीतरी जत्रा माहेरवाशिणींच्या मानल्या जातात. लग्न होऊन गेलेली मुलगी या दिवशी देवीची ओटी भरायला येते. घराला कुलूप असलं तरी देवळाला नसतं, हे मला तिथे गेल्यावर समजलं. रांगेत आईच्या पुढे-मागे तिच्याच वयाच्या बायका. एकीनं वळून विचारलं, "तू खयची गो?" आईनं घराण्याचं नाव सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं त्या दोघी ज्या भाषेत बोलल्या ती ऐकून माझी लेक आजीकडे बघतच राहिली. मला म्हणाली, "बाबा, आजीला अजून एक भाषा येते?"

पालखीची प्रदक्षिणा झाली, खाजा आणि भजी झाली, बारा वाजून गेले तेव्हा मंडपात पायपेटी वाजली. नाट्यगृह म्हणाल तर देवळासमोरचा मंडप, मागे एक पडदा आणि मध्ये एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. पखवाज आणि झांज बाजूला. प्रेक्षक खाली जमिनीवर, आपापली चादर घेऊन. तिकीट नाही.

गावातले जुने लोक दशावताराला अजून 'धयकालो' म्हणतात, दहीकाला. आधी पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग संकासुर. काळा पोशाख, लांब लाल जीभ, बोली अस्सल मालवणी. वेद चोरणारा हा असुर विष्णूच्या हातून मरतो, पण मरण्याआधी गावातल्या खड्ड्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो. हल्ली पूर्वरंग बऱ्याच ठिकाणी आवरता घेतात, आमच्या नशिबानं इथे तो मनसोक्त झाला. लेक अवतार मोजत बसली होती. दहा येईनात म्हणून तक्रार करू लागली. पूर्वरंगानंतर एखाद्या पुराणकथेचं आख्यान असतं, दहा अवतारांची गोष्ट सांगितली जातेच असं नाही, हे तिला पटलं नाही. मलाही ते त्याच रात्री कळलं होतं, पण मी सांगितलं नाही.

आख्यान होतं उषा-अनिरुद्धाचं. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, हे मला सगळ्यात जास्त चक्रावून गेलं. कोणतं आख्यान करायचं ते ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि संवाद तिथेच, उभ्या उभ्या. बाणासुर आणि कृष्ण यांच्यात शब्दाला शब्द असा काही भिडला की दोघांपैकी कोण हरेल हे खरंच ठरलेलं नसावं असं वाटावं. आम्ही चार ओळींचा बदल करायचा तर तीन बैठका घेतो.

लेक मराठी बोलते, पण तिच्या शाळेत मराठी नाही, त्यामुळे वाचताना अडखळते. गोष्टीचं पुस्तक दिलं की दोन पानांत कंटाळते, आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडतो. इथे पहाटे साडेतीनला ती टक्क जागी. 'आर्यपुत्र' म्हणजे काय, 'युद्धास सज्ज हो' म्हणजे काय, आजीच्या कानात विचारत होती. उषा दिसायला इतकी सुंदर की ती पुरुष आहे हे तिनं मान्यच केलं नाही.

उजाडता उजाडता दहीहंडी फुटली. आई उठली, म्हणाली, "घर बघूया." दहा मिनिटं चालून गेलो. कौलं एका बाजूनं खचलेली, अंगणात तुळशीवृंदावन तेवढं शाबूत. मामेभावाचा ते विकायचा विचार आहे, आईची सही लागेल, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिनं तुळशीभोवतीचं गवत उपटलं आणि आम्ही परतलो. त्याबद्दल तेव्हा कोणी काही बोललं नाही. अजूनही बोललेलो नाही.

मंडपाजवळ टेम्पोत पेटारे चढत होते. पूर्वी हे सामान डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जात, आई सांगत होती. चहाच्या टपरीवर एक शिडशिडीत माणूस कानामागचा रंग रुमालानं पुसत उभा होता. लेकीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि माझा हात ओढला. उषा चहात पाव बुडवून खात होती. त्या रात्री दुसऱ्या गावात खेळ होता, मंडळी लगेच निघायच्या घाईत होती.

घाटात आई आणि लेक दोघी एकमेकींवर डोकं टेकून झोपल्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नवीन वर्षाचं कॅलेंडर लावलं, तेव्हा लेकीनं आजीला तिथी विचारली, मार्गशीर्षाचं पान शोधलं आणि त्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं: 'धयकालो'. ध चुकला होता, आजीनं दुरुस्त करून दिला.