बाटलीतलं द्राक्ष

ब्रँडीची बाटली हातात घेतली की नजर आधी पुढच्या लेबलावर जाते. सोनेरी अक्षरं, द्राक्षाचा घड, फ्रेंच वाटणारं एखादं नाव. वाचण्याजोगा मजकूर मात्र मागच्या बाजूला असतो. तिथं बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात: एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, पाणी, ग्रेप स्पिरिट, रंगासाठी कॅरॅमल, वरून घातलेला स्वाद. पहिला घटक म्हणजे कारखान्यातली माणसं ज्याला ‘ईएनए’ म्हणतात तो. उसाच्या मळीतून किंवा धान्यातून काढलेला, इतका शुद्ध केलेला मद्यार्क की मूळ पदार्थाची चव त्यात उरत नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्याविषयीचे नियम २०१८ साली आले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांनुसार मिश्र ब्रँडीत शुद्ध द्राक्ष ब्रँडी किमान २ टक्के असली तरी पुरते.

महाराष्ट्राला ही गोष्ट बोचायला हवी. देशात सर्वांत जास्त द्राक्ष आपल्याकडे पिकतं, आणि देशात भरपूर खपणाऱ्या ब्रँडींपैकी एक आपल्याच मातीतल्या कंपनीची आहे. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला महादेव डहाणूकरांनी १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्सची सुरुवात केली. साखरेमागून मळी आली आणि मळीमागून मद्यार्क. तीच आजची टिळकनगर इंडस्ट्रीज, ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडीची कंपनी. या ब्रँडीचं मोठं गिऱ्हाईक दक्षिणेत आहे, त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्याशी असलेला तिचा संबंध आपल्याकडेच फारसा कुणाला ठाऊक नसतो. भारतीय ब्रँडीचा धंदा उसाच्या फडातून वर आला, द्राक्षाच्या मांडवाखालून नाही. त्यात कुणाची लबाडी नव्हती. जो कच्चा माल हाताशी होता आणि स्वस्त होता, त्यावर उद्योग उभा राहिला.

निव्वळ द्राक्षाची ब्रँडी करायची म्हटली तर सुरुवात बागेतच वेगळी होते. खायचं द्राक्ष गोड लागतं, वाइनचं द्राक्ष पिकू द्यावं लागतं, पण ब्रँडीला गोडी कमी आणि आंबटपणा जास्त असलेलं द्राक्ष हवं. फ्रान्सच्या कोन्याक प्रांतात त्यासाठी मुख्यतः उन्यी ब्लां ही पांढरी जात लावतात. तिची वाइन जेमतेम ८-९ टक्के मद्यार्काची होते, पिताना पाणचट आणि आंबट लागते, आणि तीच भट्टीला चांगली. मद्यार्क जितका कमी, तितकी वाइन जास्त आटवावी लागते आणि द्राक्षाचा गंध तितका दाट उतरतो. आंबटपणा महत्त्वाचा, कारण या वाइनमध्ये गंधकाचं संरक्षक घालून चालत नाही. ते वाफेबरोबर वर चढून अर्क नासवतं. भट्टी लागेपर्यंत वाइन तिच्या आंबटपणावरच टिकते. नाशिककडे ऑक्टोबर छाटणीचा माल जानेवारीपासून तयार होऊ लागतो. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं आणि मण्यांतला आंबटपणा झपाट्यानं उतरतो. म्हणून ब्रँडीसाठी तोडणी वाइनच्याही आधी करायला हवी.

अवकाळीनं तडकलेला, बाजारात न चालणारा माल ब्रँडीला लावावा, असं सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. भट्टी दोष लपवत नाही, आटवून गडद करते. कुजक्या मण्याचा वास अर्कात दसपट होऊन येतो.

भट्टी तांब्याची लागते, आणि ते केवळ परंपरेपोटी नाही. आंबवणीत तयार होणारे गंधकाचे वास तांबं धरून ठेवतं. पहिल्या फेरीत वाइनचा सुमारे ३० टक्क्यांचा गढूळ अर्क होतो. तो पुन्हा भट्टीत जातो आणि दुसऱ्या फेरीत कारागिराचा कस लागतो. गावठीच्या भट्टीवर पहिल्या धारेचं कौतुक असतं. ब्रँडीवाला पहिली धार बाजूला काढतो. तिला नेलपॉलिशसारखा झोंबणारा वास असतो. हळूहळू तो वास ओसरतो, फुलाफळांचा येऊ लागतो आणि त्या क्षणी नळी दुसऱ्या भांड्यात वळते. हे मधलं पोट, सुमारे ७० टक्क्यांचं, तेवढंच पिंपात जातं. शेवटी अर्क जड, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास देऊ लागतो, तेव्हा पुन्हा नळी वळवायची. यंत्र तापमान दाखवतं, पण वळवण्याची वेळ नाक ठरवतं. अशा पाऊण लिटर ब्रँडीमागे चारेक लिटर वाइन खर्ची पडते, म्हणजे पाच-सहा किलो द्राक्षं. ईएनएच्या स्वस्ताईपुढे द्राक्ष का हरतं, ते या हिशेबातच आहे.

भट्टीतून निघालेला अर्क पाण्यासारखा पांढरा असतो. रंग, व्हॅनिलाची गोडी आणि तुरटपणा ओकच्या पिंपातून येतो, आणि पिंपातून श्वास घेता घेता अर्क उडतही राहतो. कोन्याकच्या थंड तळघरांत वर्षाला साधारण २ टक्के उडतो. बंगळुरू-गोव्यात व्हिस्की मुरवणारे १० टक्क्यांच्या आसपासची घट सांगतात. २०० लिटरच्या पिंपात त्या हिशेबानं चार वर्षांनी १३० लिटर उरतील. उष्म्यात अर्क लाकडातून लवकर ओढून घेतो हे खरं, पण रंग लवकर चढला म्हणजे ब्रँडी मुरली असं नाही; तिखट कडा मोडायला वेळच लागतो.

आणि हा वेळ लेबलावर कसा लिहायचा? कोन्याकमध्ये तो अक्षरांनी बांधलेला आहे. व्हीएस म्हणजे किमान दोन वर्षं, व्हीएसओपी म्हणजे चार, आणि एक्सओसाठी २०१८ पासून दहा. मिश्रणातला सर्वांत तरुण अर्क मोजायचा, सर्वांत म्हातारा नाही. युरोपीय संघात साध्या ब्रँडीलाही ओकमध्ये किमान एक वर्ष काढावं लागतं, किंवा हजार लिटरहून लहान पिंपात सहा महिने. आपल्या लेबलावर मात्र ठळक असतो तो ४२.८ टक्के हा मद्यार्काचा आकडा. जुन्या इंग्रजी मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्यातले ७५ प्रूफ म्हणजे ४२.८. साहेब गेला, त्याचं माप लेबलावर राहिलं.

साहेबाचं ब्रँडी-पाणी तर त्याच्या राज्यातच मागे पडलं होतं. १८७० नंतर फायलोक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, कोन्याकचा पुरवठा आटला आणि त्या जागी व्हिस्की आली. आपल्या घरांत मात्र ब्रँडी सर्दीवरचं औषध म्हणून उरली. ती औषध नाही. तिनं त्वचेला ऊब जाणवते आणि शरीराची उष्णता उलट बाहेर पडते. तान्ह्या बाळाला तर तिचा थेंबही देऊ नये.

नाशिकच्या सुला कंपनीनं ‘जानुस’ ही शंभर टक्के द्राक्षाची ब्रँडी बाजारात आणली, तेव्हा इथं ती होऊ शकते हे दिसलं. अडतं ते दुकानाच्या फळीवर. अस्सल द्राक्षाची आणि २ टक्क्यांची बाटली शेजारी शेजारी उभ्या राहतात, दोन्हींवर ठळक शब्द ‘ब्रँडी’. धान्याच्या मद्यासाठी राज्यानं २०२५ मध्ये ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा स्वतंत्र वर्ग केला. निव्वळ द्राक्षाच्या ब्रँडीलाही तसा वर्ग आणि तशी करआकारणी हवी. त्याहून सोपं एक काम लगेच करता येईल: मद्यार्काच्या टक्केवारीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, द्राक्ष ब्रँडी किती टक्के आणि ती पिंपात किती महिने होती, हे दोन आकडे छापणं बंधनकारक करावं.