स्प्रिंगच्या एअर रायफलीवर स्कोप बसवताना
स्प्रिंगची एअर रायफल दोनदा झटका देते. पिस्टन सुटला की मागे, तो थांबला की पुढे! या दुसऱ्या झटक्यानेच स्कोप रेलवर मागे सरकतो आणि नेम बिघडतो. म्हणून स्कोप रेलवर धरणारं माउंट घेताना मी आधी त्याची स्टॉप पिन बघतो. ती रिसीव्हरवरच्या भोकात नीट बसायला हवी. रेल बहुधा ११ मिमी डव्हटेल, तिथे पिकॅटिनीचं माउंट बसत नाही. रिंगा स्कोपच्या नळीच्या मापाच्या, २५.४ किंवा ३० मिमी. उंची पुढचं भिंग बॅरलला टेकणार नाही इतपतच.

बसवण्याआधी रायफल रिकामी आहे ना, पाहा. रेलवरचं तेल पुसा, ओळंब्याला क्रॉसहेअर जुळवा. रिंगांचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. रिंगच्या दोन्हीकडची फट सारखी ठेवा. पहिलवानी नको, नळी चेपते.